चमच्यातून सुटका

अगं, दगडाचे गोळे घासायच्या तुझ्या मशीनचा व्हिडिओ दोनदा पाहिला. गोळा छान फिरतोय, तिन्ही कप नीट बसलेत, आवाजही बरा आहे. मला खटकलीस ती तू. स्टुलावर पाठ वाकवून बसलेली, एका हातात पावडरीचा प्लास्टिकचा चमचा, दुसऱ्या हातात पाण्याची पिचकारी आणि नजर गोळ्यावर खिळलेली. असं किती वेळ बसणार? अकीकाचा मुठीएवढा गोळा ८० नंबरच्या पावडरीवर नुसता गोल व्हायलाच तासन् तास जातात. पुढे २२०, ४००, ६००, १००० आणि मग पॉलिश. तेवढा सगळा वेळ त्या चमच्याला बांधलेली राहिलीस, तर एका गोळ्यातच महिना सरेल. शिवाय घरातल्यांना ते काम वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. कोणीतरी हाक मारतं, तू उठतेस, परत येईपर्यंत कप कोरडा पडलेला असतो. मग चिडचिड होते ती तुझीच.

पावडर आपोआप पडेल असं काही करता येईल का, असं तू विचारलंस. करता येतं, आणि घरी, साध्या सामानात येतं. पण हे काम पंपाचं किंवा सर्किटचं आहे असं समजून सुरुवात करू नकोस. बहुतेक जण तिथेच अडकतात: महागडा पंप आणतात, प्रोग्रॅम लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी नळी तुंबलेली असते. खरी अडचण एकच आहे, ती म्हणजे पावडर पाण्यात बुडते. तेवढी सोडवलीस की बाकीचं बसून दोन सुट्ट्यांत होईल.

नीट ऐक. आपली पावडर म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. दुकानात सगळे कार्बोरंडमच म्हणतात. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९३ साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हापासून दगडकामाचा हा मुख्य घासपदार्थ. अकीक कठीणपणाच्या मोह्स पट्टीवर सातच्या जवळपास, ही साडेनऊच्या. म्हणून ती त्याला खाते. पण ती पाण्याच्या तिपटीहून जास्त जड आहे. २२० नंबरचा कण साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, तो स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण अर्धा सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या बाटलीत तू मस्त ढवळून ठेवलंस, तर वीस सेकंदांत वर जवळजवळ नुसतं पाणी आणि तळाला सगळा माल. ८० नंबरचा तर पाच-सहा सेकंदांत तळ गाठतो. ६०० नंबरचा कण दहा मायक्रॉनच्या आसपास, तो मात्र रेंगाळतो, त्याच दहा सेंटिमीटरला दहा-पंधरा मिनिटं घेतो. कण अर्धा झाला की बुडण्याचा वेग अर्धा होत नाही, चौथाई होतो, म्हणून हा एवढा फरक. एका नंबरला चाललेली रचना दुसऱ्या नंबरला का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे. हे एकदा काचेच्या ग्लासात करून डोळ्यांनी बघ. घड्याळ लाव. तुझ्याकडच्या पावडरीचे आकडे तुझे तुला मिळतील, आणि पुढचा प्रत्येक निर्णय सोपा जाईल.

आता कोणकोणते मार्ग आहेत ते सांगते. बरेच जण सलाइनच्या बाटलीतच पावडर कालवून टांगतात. ते करू नकोस. सलाइनच्या सेटमध्ये थेंब पडतो ती छोटी नळकांडी आधी भरते, मग खालचं चाक जिथे नळी दाबतं तिथे कण अडकतात, आणि थेंब बंद. दुसरा मार्ग कोरडी पावडर स्क्रूने किंवा कंपनाने पाडण्याचा. कारखान्यात तो चालतो. आपल्याकडे मशीनभोवती सतत तुषार असतात, पावसाळ्यात हवाच ओली असते, तोंडाशी गोळे बनतात आणि पडतं ते एकदम ढिगानं. तिसरा मार्ग म्हणजे खाली ट्रेमध्ये जमलेली स्लरी, म्हणजे पावडर-पाण्याचं मिश्रण, पंपाने पुन्हा वर फिरवत राहणं. त्यात पावडर वाचते, हे खरं. पण कण फुटत फुटत बारीक होतात, दगडाचं पीठ त्यात साठत जातं, आणि स्लरी दाट होते पण कापत नाही. ८० नंबरला हा मार्ग मी नाकारणार नाही. त्यापुढे मात्र मला तो पटत नाही, कारण गोळ्याचा एखादा टवका निघाला तर तोही फिरून फिरून गोळ्यावरच येणार.

मी तुला सांगेन तो चौथा मार्ग: छोटा जार, त्यात वरून ढवळणी, जारमधून मोजून थोडी स्लरी उचलणारा पेरिस्टाल्टिक पंप, आणि वापरलेली स्लरी खाली ट्रेमध्ये, परत वर नाही.

पंप पेरिस्टाल्टिकच का, ते आधी. या पंपात रोलर बाहेरून नळी दाबत पुढे सरकतात आणि आतला माल ढकलला जातो. पावडर शिवते ती फक्त नळीच्या आतल्या बाजूला. कूलरचा किंवा मत्स्यपेटीचा पंप घेतलास तर पंखा, बेअरिंग, सील सगळं आतून घासलं जाईल. आपली पावडर अकीक खाते, तिथे प्लास्टिकचं काय! पेरिस्टाल्टिकमध्येही रोलरखालची नळी झिजतेच, पण ती बदलायला पाच मिनिटं लागतात. १२ व्होल्टवर चालणारे, ३ मिलिमीटर भोकाच्या सिलिकॉन नळीचे छोटे डोसिंग पंप सहज मिळतात, आणि आपल्याला तेवढे पुरतात.

आता जार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी कला इथे आहे. जार अर्ध्या लिटरहून मोठा घेऊ नकोस. यामागे हिशेब आहे: काही बिघडलं आणि पंप थांबलाच नाही, तर जास्तीत जास्त अर्धा लिटरच सांडेल. मोठी टाकी ठेवलीस तर जमीन, मोटारी, सगळं चिखलात. तळ गोलसर हवा. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यांत पावडर बसते ती बसतेच, कितीही ढवळ. ढवळणीचा दांडा वरून यायला हवा. तळाला भोक पाडून, सील लावून खालून मोटर बसवायचा मोह होईल, दिसायला ते नीटनेटकं वाटतं. पण त्या सीलमध्ये कण शिरले की काही दिवसांत गळती सुरू. चुंबकाची ढवळणीही नको, तिची कांडी तळावर पावडर घासत राहते, म्हणजे तू जारच दळायला लावलास.

मिनिटाला दोनशे-तीनशे फेरे घेणारी छोटी गिअर मोटर घे. दांड्याला स्टीलची पातळ पट्टी, थोडी तिरकी, तळापासून जेमतेम एक सेंटिमीटर वर. आणि दांडा बरोबर मध्यात ठेवू नकोस, बाजूला सरकव. मध्यात ठेवलास की सगळं पाणी एका दिशेला गरगरत राहतं आणि पावडर तळाशी मध्यभागी ढीग करून बसते. वरून बघशील तर वाटेल काय जोरात ढवळलं जातंय, पण तळाला काळी टेकडी तशीच. दांडा बाजूला घेतलास, किंवा जारच्या आतून एक उभी पट्टी चिकटवलीस, की ती गरगर मोडते आणि माल खालून वर उसळतो. टॉर्च लावून बाहेरून बघ, काळा रंग वरपासून खालपर्यंत सारखा दिसला पाहिजे.

स्लरीचं प्रमाण म्हणशील तर मापाने एक भाग पावडर, चार-पाच भाग पाणी, इथून सुरू कर. हाताला कशी लागावी? ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ. त्यात चिमूटभर बेंटोनाइट माती घातलीस तर पावडर तळाला दगडासारखी घट्ट बसत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात घालायला ती माती मिळते, तीच. फक्त तिच्यात वाळूचे कण असतात, म्हणून कालवून फडक्यातून गाळून घे, आणि ६०० नंबर व पुढच्या स्लरीत तिला अजिबात जागा देऊ नकोस. तुझे कप लोखंडी आहेत, तेव्हा थोडा धुण्याचा सोडा घातलास तर गंज कमी धरतो.

आता नळी. ती जारच्या तळाला भोक पाडून काढायची नाही. काम थांबल्या क्षणी वरची सगळी पावडर त्या भोकावर येऊन बसते आणि बूच तयार होतं. नळी वरून आत सोड, टोक ढवळणीच्या पट्टीजवळ, तळापासून दीडेक सेंटिमीटर वर. पंप जारच्या अगदी शेजारी. पंपापासून गोळ्यापर्यंतची नळी जितकी आखूड करता येईल तितकी आखूड आणि सतत उतरती. मधे कुठेही झोळ पडू देऊ नकोस. जिथे झोळ, तिथे पावडर. टोकाला तांब्याची जाड तार गुंडाळून ती मशीनच्या चौकटीला बांध, म्हणजे नळी हलून कपात अडकणार नाही. थेंब पडला पाहिजे दोन कपांच्या मधल्या उघड्या भागावर, दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून. फिरता गोळाच त्याला ओढून कपाच्या कडेखाली नेतो. थेट कपाच्या बाहेरच्या अंगावर पडला तर सगळा वाहून ट्रेमध्ये, कामाला शून्य.

आणि आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं ते. प्रत्येक वेळी स्लरी टाकून झाली की पंप उलटा फिरव. नळीत उरलेली स्लरी जारमध्ये परत येऊ दे आणि नळी रिकामी होऊ दे. पेरिस्टाल्टिक पंप दोन्ही दिशांना सारखाच चालतो, तारा उलट्या झाल्या की झालं. रिकाम्या नळीत बुडायला काही नसतं, म्हणून तुंबायलाही काही नसतं. एवढ्या एका गोष्टीने ही रचना महिनोन् महिने बिनतक्रार चालते.

हिशेबही सोपा आहे. ३ मिलिमीटर भोकाच्या अर्धा मीटर नळीत साधारण साडेतीन मिलिलिटर मावतं. पंप मिनिटाला ६० मिलिलिटर देत असेल तर सेकंदाला एक. म्हणजे पहिले साडेतीन सेकंद नळी भरण्यात जाणार, त्यानंतरचे तीन सेकंद म्हणजे तीन मिलिलिटर गोळ्यावर. मग पाच सेकंद उलटा. पंपावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वयंपाकाच्या मापाने नको, औषधाच्या सिरिंजने किंवा मोजपात्राने स्वतः मोज, आणि स्लरी घालूनच मोज, नुसतं पाणी घालून नको. नळी नवी बदललीस की पुन्हा मोज.

क्रम असा ठेव: आधी दहा-पंधरा सेकंद ढवळणी एकटी, मग ढवळणी चालू असतानाच पंप पुढे, मग पंप मागे, मग सगळं बंद आणि वाट. ८० आणि २२० नंबरला ढवळणी सतत चालू ठेवलीस तरी हरकत नाही, ६०० नंबरला गरज नाही. हे सगळं अर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर आणि मोटर उलटसुलट फिरवणाऱ्या एल२९८एन बोर्डवर आरामात बसतं. हा एल२९८एन वाटेत दोनेक व्होल्ट खातो, तेवढा मोटरचा वेग कमी होईल, हे मोजताना लक्षात असू दे. तुझ्या भाच्याला प्रोग्रॅमिंग येतं, त्याच्याकडून प्रोग्रॅम लिहून घे, पण सेकंदांचे आकडे बाहेरच्या दोन नॉबवर आण. एक नॉब किती टाकायचं त्याचा, दुसरा किती वेळाने टाकायचं त्याचा. दर वेळी लॅपटॉप घेऊन ओल्या हातांनी बसायचं नाही.

किती वेळाने टाकायचं, हे मी सांगणार नाही. ते तुझा कान सांगेल. म्हणून सांगते, फीडर, म्हणजे ही जार-पंपाची सगळी रचना, जोडायच्या आधी प्रत्येक नंबरचं थोडं काम हातानेच कर, घाई न करता, आणि नीट ऐक. ताजी पावडर पडली की आवाज खरखरीत, कोरा येतो, कपाच्या कडेला तो हाताला पण जाणवतो. कण फुटत जातात तसा आवाज मऊ होतो, मग नुसती घसरल्यासारखी सूंऽऽ लागते. तिथे काप थांबलेला असतो. खरखर सुरू झाल्यापासून सूं लागेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळावर बघ. बरेचदा बघ, कारण गोळा गोल होत जातो तसा हा वेळ बदलतो. सुरुवातीला कोपरे असतात, कप उड्या मारतात, पावडर लवकर उडते. गोल झाल्यावर ती जास्त टिकते. या वेळेच्या थोडं आधी पुढचा डोस पडेल असा नॉब लाव. पावडर जास्त घातली की काम लवकर होईल असं वाटतं, पण होतं उलटं. कणांचा थर जाड झाला की ते एकमेकांवर लोळतात आणि दगडाला लागतच नाहीत. थोडी थोडी, वेळेवर, एवढंच लागतं. समज, दर तीन मिनिटांनी तीन मिलिलिटर ठरलं, तर तासाला साठ. अर्ध्या लिटरचा जार दिवसभर पुरला की नाही?

साधं पाणी मात्र वेगळं ठेव. तिथे सलाइनचा सेट उत्तम, नवा, औषधाच्या दुकानातून आणलेला. त्याच्यावर बहुधा वीस थेंबांना एक मिलिलिटर असं छापलेलं असतं. मिनिटाला चाळीस थेंब लावलेस तर तासाला १२० मिलिलिटर पाणी पडतं. पाणी आणि पावडर वेगवेगळ्या वाटांनी आली की एक कमी, एक जास्त करता येतं. उन्हाळ्यात गोळा लवकर सुकतो, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

प्रत्येक नंबरला वेगळा जार, वेगळी ढवळणी, वेगळी नळी. यात काटकसर नको, मी अगदी हात जोडून सांगते. धुऊन घेऊ, असं म्हणशील. पण पंपाच्या रोलरखाली नळी आतून चरे पडलेली असते, त्या चऱ्यांत ८० नंबरचा एखादा कण रुतून बसतो आणि नेमका ६०० नंबरच्या वेळी सुटतो. त्याने पाडलेली एक रेघ काढायला तुला पुन्हा २२० वर जावं लागेल. झाकणांवर ऑइल पेंटने मोठे आकडे लिही. कपही नंबर बदलताना उतरवून ब्रशने धू, आतल्या आट्यांसकट. ट्रेही. आणि नंबर बदलायच्या आधी गोळा पुसून, सुकवून, दहापट भिंगाखाली टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघ. ओला गोळा नेहमीच चांगला दिसतो.

एक मधेच सांगते. तुझ्याकडे जळगावकडचे अपोफिलाइटचे तुकडे आहेत ना, ते या मशीनवर चढवू नकोस. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक आणि ते शेजारी शेजारी सापडतात खरे, पण अपोफिलाइट मऊ आहे, मोह्स पट्टीवर साडेचार ते पाच, आणि एका दिशेने सरळ पापुद्रा सुटतो त्याचा. तो जसा निघाला तसाच कपाटात ठेवण्यात त्याचं सौंदर्य. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन ये एकदा, म्हणजे हात लावायची इच्छाच होणार नाही.

आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. फीडर हवा तो आरामासाठी, हे बरोबर. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तुझा दगड कधीही कोरडा घासला जाऊ नये. अकीक म्हणजे सिलिका. कोरडा घासला की त्याची जी धूळ उडते, तिचे बारीक कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, आणि ते फुप्फुसाच्या अगदी आत जाऊन बसतात. तिथे वण धरतात. सिलिकोसिस म्हणतात तो हा. त्याच्यावर उपाय नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर शिरतो. गुजरातेत खंभातला अकीकाचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. रतनपूरच्या खाणींतला दगड भाजून, टवके काढून, मणी घडवणारे ते कारागीर, त्यांच्या हातांपुढे आपण कोणीच नाही. त्याच सौराष्ट्र-खंभातच्या पट्ट्यात, लोथलला, हडप्पा काळातला मणी घडवायचा कारखाना सापडलाय. इतकी जुनी ही कला. पण विजेच्या एमरी चाकांवर कोरडं घासताना उडालेल्या धुळीने तिथल्या कितीतरी जणांची फुप्फुसं गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्या कामगारांची तपासणी करून हे मांडलेलं आहे. काम घरातच चालतं तिथे घासणाऱ्याबरोबर घरातलेही ती धूळ ओढतात. बऱ्याचदा खोकला क्षयाचा समजून त्याचीच औषधं चालू राहतात, आणि मूळ कारण कोणी विचारतच नाही.

तू म्हणशील, ताई, माझं तर ओलंच काम आहे. आहे. पण ओला चिखल उद्या सुकतो. एप्रनवर सुकतो, फरशीवर सुकतो, मशीनच्या पायांवर सुकतो, आणि मग झाडू मारला की हवेत. तुझ्या घरात लहान मूल रांगतंय. म्हणून त्या खोलीत झाडू नको, ओलं फडकं. एप्रन ओला असतानाच बादलीत भिजव, घरच्या कपड्यांत मिसळू नकोस. कोरडी पावडर जारमध्ये ओतताना आणि दगड कटरवर कापताना एन-९५ मास्क लाव, नाकापाशी नीट दाबून, ओढणी बांधून भागणार नाही. आणि जाताना एकदा पाण्याचा थेंब बघून जायची सवय लाव. फीडर पावडर टाकतोय आणि पाण्याची बाटली संपलीय, हे सगळ्यात वाईट.

गाळ सिंकमध्ये ओतायचा नाही. तो पाइपाच्या वाकात जाऊन बसतो आणि घट्ट होतो, मग प्लंबर येऊन पाइप कापतो. ट्रेमधला गाळ बादलीत ओत, दोन दिवस निवळू दे, वरचं पाणी पुन्हा वापर, खालचा लगदा ओला असतानाच जुन्या पिशवीत बांधून टाक.

विजेचं सांगायला नको, पण सांगते. फीडर सगळा १२ व्होल्टवर आहे, त्याची भीती नाही. तुझ्या तीन मोटारी मात्र २३० व्होल्टच्या, आणि तू ओल्या हातांनी त्यांच्याजवळ. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. इलेक्ट्रिशियन ‘घराला आहे की’ म्हणेल, तर घरच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबून बघ. अर्थिंग तपासून घे. सर्किटचा डबा मशीनच्या वर, बाजूला, तुषार पोहोचणार नाहीत असा, आणि वायरी खालच्या बाजूने आत घे, वरून नाही. वायर डब्यात शिरण्याआधी तिला एक खालचा बाक दे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही.

फीडर बसला म्हणून मशीन चालू ठेवून बाहेर जाऊ नकोस, आणि रात्री तर नाहीच. शेजारच्या खोलीत बस, स्वयंपाक कर, पुस्तक वाच, मुलाला झोपव. दार उघडं ठेव. तुझा कान आता तयार झालेला असेल, आवाज बदलला की हातातलं टाकून तू आपोआप उठशील. गोळा कपातून उडाला तर तो आवाज लपत नाही.

दिवसाचं काम संपलं की जारमधून ढवळणी वर उचलून ठेव. रात्रभरात पावडर तळाला घट्ट बसते, विशेषतः बारीक नंबरची, आणि सकाळी रुतलेल्या पट्टीवर मोटर जोर करत जळते. सकाळी आधी हाताने चमच्याने तळ मोकळा कर, मग ढवळणी खाली. मोटरला एक छोटा फ्यूज लावलास तर अधिक बरं. नळी साध्या पाण्याने एकदा पुढे-मागे धुऊन घे, पंपाच्या रोलरखालचा भाग आठवड्याला थोडा सरकव, म्हणजे एकाच जागी झिजणार नाही. नळी फुटली तर थेंब पंपाच्या मोटरवर जाऊ नये म्हणून पंप आडवा नको, उभा लाव, नळी खाली आणि मोटर मागे, खाली एक वाटी.

सगळं एकदम करायला घेऊ नकोस. आधी फक्त जार आणि ढवळणी, २२० नंबरची पावडर घालून. ती सारखी काळी ठेवता आली की पंप. पंप पुढे-मागे चालला, दिवसभर नळी स्वच्छ राहिली, की मग गोळ्यावर सोड. हे पैशांचं काम आहे, आणि तुझे स्वतःचे पैसे आहेत, त्यामुळे कोणाला विचारत बसू नकोस, पण एकेक करून आण. पुण्यातल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणायला गेलीस तर पंपासोबत येणारी नळी धरू नकोस, जाड भिंतीची सिलिकॉन नळी मागून घे, आणि लागते त्याच्या दुप्पट घे. अर्डुइनो दोन घे. सलाइनचे सेट चार-पाच घेऊन ठेव.

आणि आवाज रेकॉर्ड करून मला पाठव. ८० नंबरचा, डोस पडल्यापासून पुढच्या डोसपर्यंतचा सलग, मधे न तोडता. फोन कपापासून हातभर लांब, कापडात गुंडाळून ठेव. मी ऐकून सांगते नॉब कुठे लावायचा ते.